पंखाचा हिशेब

१४ फेब्रुवारी २००६ या दिवशी फ्रान्समधील तुलूझ शहरी, उडण्यासाठी नव्हे तर मोडण्यासाठीच बांधलेल्या एका ए-३८० विमानाचे पंख यंत्रांच्या साहाय्याने हळूहळू वर ओढले जात होते. या कसोटीचा नियम मोठ्या वाहतूक-विमानांना सर्वत्र सारखाच लागू आहे: विमानाला त्याच्या सबंध सेवाकाळात एखाद्या वेळी सोसावा लागेल असा जो महत्तम भार, त्याच्या दीडपट भार पंखाने निदान तीन सेकंद तरी न मोडता पेलला पाहिजे. पंखाची टोके आपल्या मूळच्या जागेपासून सात मीटरांहून अधिक उंच गेली, भाराचा आकडा १.४५च्या पुढे सरकला, आणि दीडपटीची सीमा गाठण्यापूर्वीच, आतल्या व बाहेरच्या इंजिनांच्या मधल्या भागात पंख तुटला.

वृत्तपत्रांना ही बातमी अपयशाची वाटावी हे स्वाभाविक होते. एअरबस कंपनीच्या अभियंत्यांनी मात्र असे प्रतिपादन केले की, ज्या भाराला पंख मोडावा असे गणिताने सांगितले होते त्याच्या तीन टक्क्यांच्या आत तो मोडला, यावरून गणिताची सत्यताच सिद्ध होते. वजन वाचविण्याच्या दृष्टीने अंतिम भाराच्या पलीकडे जवळजवळ काहीही शिलकीत ठेवलेले नव्हते. या उत्तरात सारवासारव आहे असे कोणास वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या पंखात अनावश्यक द्रव्याचा अंशही राहू दिलेला नाही, तो ठरल्या भाराच्या अगदी आसपासच मोडावा, हे त्याच्या रचनेचे लक्षणच होय. साडेपाचशे टनांहून अधिक वजनाच्या त्या विमानाच्या पंखाला सुमारे तीस किलोंची जोड देऊन ती उणीव भरून काढण्यात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विमानाला उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळाला.

एवढ्या अवाढव्य वस्तूचे मोडणे, तिचा पहिला पत्रा कापण्याच्याही कितीतरी आधी, इतक्या बारकाईने कसे वर्तविता येते? पंखाच्या बांधणीचे जे गणिती प्रतिमान त्यासाठी रचले जाते, त्याच्याच आधारे आता पंखाचे आकार-उकार ठरविण्याचे कामही संगणकाकडे सोपविण्यात येते. प्रत्येक पत्र्याची जाडी, प्रत्येक आडव्या पट्टीचे अंतर, पंखाची लांबी आणि पीळ या साऱ्यांची अदलाबदल करीत आज्ञावली सर्वांत हलका पंख शोधते. येथेच या विद्येचा खरा पेच आहे, आणि त्याच्याविषयीच मला हे सारे लिहावयाचे आहे. हुकुमाचे अक्षर न् अक्षर पाळणारा, परंतु हुकुमामागचा हेतू न जाणणारा एखादा कारभारी असावा, तशी ही आज्ञावली असते. तिला पंख ठाऊक नसतो, केवळ प्रतिमान ठाऊक असते; प्रतिमानात जे सांगावयाचे राहून गेले ते तिच्या लेखी अस्तित्वातच नसते, आणि वजन कमी करण्याच्या शोधात ती नेमकी त्याच फटीतून आत शिरते. म्हणून पंखाचे प्रतिमान किती खोल रचावे हा निर्णय वरकरणी गणिताच्या सोयीचा दिसला, तरी वस्तुतः तो पंखाच्या घडणीचाच निर्णय असतो.

प्रवासी खिडकीतून पाहतो तेव्हा त्याला पंख म्हणजे एक सपाट, चकचकीत फळी दिसते. आत डोकावल्यास ती एक लांबट, निमुळती होत गेलेली पेटी असते. पुढे एक व मागे एक अशा दोन तुळया, ज्यांना स्पार म्हणतात, मुळापासून टोकापर्यंत जातात; त्यांना ठरावीक अंतरांवर आडव्या रिबा जोडतात; वर-खाली पत्र्याचे आवरण असते, आणि त्या आवरणाला आतून लांबीच्या दिशेने स्ट्रिंगर नावाच्या बारीक पट्ट्यांचा आधार असतो. हवेचे उत्थापन पंखाला वर उचलते, तर पंखातील इंधनाचे आणि पंखाखाली टांगलेल्या इंजिनांचे वजन त्याला खाली ओढते; म्हणजे जे ओझे आपल्याला भार वाटते, तेच पंखाच्या मुळावरील ताण हलका करीत असते. पंख वर वाकला की वरचे आवरण दाबले जाते व खालचे ताणले जाते. दाबाखाली पातळ पत्रा तुटण्यापूर्वीच सुरकुततो. ताणाखाली त्याच पत्र्यात, वर्षानुवर्षांच्या उड्डाणांनी, केसासारख्या चिरा वाढत जातात. सबब धातूच्या पंखात वरच्या बाजूला जस्तमिश्रित व खालच्या बाजूला तांबेमिश्रित ॲल्युमिनियम वापरण्याची जुनी वहिवाट आहे. एकाच पंखाच्या दोन बाजू दोन निरनिराळ्या कारणांनी मरतात, आणि प्रतिमानाला ही दोन्ही मरणे ओळखता आली पाहिजेत.

याहून बिकट गोष्ट अशी की, पंखावरचा भार आणि पंखाचा आकार यांपैकी कोणताच आधी ठरलेला नसतो. हवेच्या दाबाने पंख वाकतो व पिळतो; त्याच्या पिळण्याने हवेशी होणारा त्याचा कोन बदलतो; कोन बदलला की दाब बदलतो. मागे झुकलेल्या पंखाचे टोक वर वाकताना आपोआप नाक खाली करते आणि तेथील भार थोडा कमी होतो, ही निसर्गाची कृपाच म्हणावी लागेल. कारखान्यात साच्यावर जोडलेला पंख, धावपट्टीवर इंधनाने भरलेला पंख, आणि अकरा किलोमीटर उंचीवर स्थिर वेगाने जाणारा पंख, हे तीन वेगळे आकार आहेत. वायुगतिकीचा अभ्यासक तिसऱ्या आकाराचा विचार करतो, कारागिराच्या हाती पहिला आकार असतो, आणि या दोहोंमधले अंतर सांगण्याची जबाबदारी बांधणीच्या प्रतिमानावर पडते.

हा परस्परसंबंध न कळल्यास काय होते याचा एक जुना दाखला पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांतला आहे. १९१८ साली जर्मन सैन्याच्या सेवेत आलेल्या फोकर डी-आठ या एकपंखी विमानाचे लाकडी पंख हवेत तुटू लागले. सरकारी चौकशीने दोष पंख बनविणाऱ्या कारखान्याच्या निकृष्ट कामावर ठेवला. हा कारखाना मुळात पियानो बनविणारा होता. अँथनी फोकरने आपल्या आत्मचरित्रात दिलेली हकीकत निराळी आहे. तिच्याप्रमाणे, वाळूचे ओझे ठेवून घेतलेल्या कसोटीत पंख टिकत होता. परंतु मागचा स्पार नियमाबरहुकूम अधिक बळकट करण्याचा सरकारी आग्रह झाला, आणि तसे केल्यावरच पंख पिळून मोडू लागले. या दोन कैफियतींपैकी कोणतीही अधिक खरी असो, फोकरने वर्णिलेली क्रिया शास्त्रदृष्ट्या बिनतोड आहे. हवेचा उचल-बिंदू पंखाच्या पुढच्या बाजूला असतो. मागचा स्पार ताठ केला की पंख ज्या रेषेभोवती पिळतो ती रेषा आणखी मागे सरकते, उचलीला अधिक लांब तरफ मिळते, आणि एका विशिष्ट वेगापलीकडे पीळ स्वतःच स्वतःला वाढवीत नेतो. वाळूच्या ओझ्याला यातले काहीच दाखविता येत नाही, कारण पंख पिळला म्हणून वाळू जड होत नाही.

त्या काळी आणि त्यानंतरही बरीच वर्षे पंख म्हणजे एका टोकाशी घट्ट धरलेली तुळई, असेच गणित चालत असे, आणि लांब, अरुंद, सरळ पंखांना ते पुरतही होते. जेट विमाने आली आणि हा सोपेपणा संपला. त्रिकोणी पंख मुळाशी जवळजवळ लांबीइतकाच रुंद असतो; त्याला तुळई म्हणण्यात अर्थच उरत नाही. अमेरिकेत सिअॅटल येथील बोइंग कंपनीच्या संरचना-गतिकी विभागात जॉन टर्नर यांच्या हाताखाली, १९५२ च्या उन्हाळ्यात, बर्कली विद्यापीठातील रे क्लफ नावाचे स्थापत्यशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक सुटीतील कामासाठी आले आणि त्यांच्याकडे हाच त्रिकोणी पंखाचा प्रश्न सोपविण्यात आला. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी पंखाच्या जागी तुळयांची जाळी कल्पून पाहिली. तिची उत्तरे प्रत्यक्ष नमुन्यावरील मोजमापांशी जुळेनात. दुसऱ्या उन्हाळ्यात ते परत आले तेव्हा टर्नर यांनी सुचविले की, पंखाचे आवरण लहान लहान त्रिकोणी पत्र्यांत विभागून पाहावे.

या सूचनेत किती मोठी गोष्ट होती हे आज ओळखावयास अवघड जाते, इतकी ती आपल्या अंगवळणी पडली आहे. सबंध पंखाचे समीकरण सोडविणे मनुष्यशक्तीच्या बाहेरचे. परंतु एका छोट्या त्रिकोणापुरते असे धरून चालता येते की, त्यातील विकृती सर्वत्र सारखी आहे. मग त्याच्या तीन कोपऱ्यांचे सरकणे आणि त्या कोपऱ्यांवरील बले यांचा संबंध काही मोजक्या अंकांत बसतो. असे अनेक त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून जोडले, प्रत्येक सांध्यावर बलांचा मेळ बसला पाहिजे अशी अट घातली, की सबंध पंखासाठी साध्या एकघाती समीकरणांचा एक मोठा संच तयार होतो आणि तो यंत्राला सोडविता येतो. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप या चौघांचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. या पद्धतीला सांत घटक पद्धती म्हणून आज जगभर ओळखले जाते आणि ते नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. युरोपात जॉन आर्गिरिस यांनी त्याच सुमारास ऊर्जेच्या सिद्धांतांवरून हीच वाट शोधली होती. पुढे धरणे, पूल, अणुभट्ट्या आणि मनुष्याच्या मांडीचे हाड, या साऱ्यांना हीच पद्धती लागू पडली. पण तिचा जन्म पंखाच्या गरजेतून झाला, याचा विमानविद्येने अभिमान बाळगावा असे मला मनापासून वाटते.

आता प्रतिमान बदलले की इष्टतम पंखच बदलतो, या माझ्या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा संगणकाच्या पूर्वीचा आहे. गटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखवून दिले होते की, पंखाची लांबी ठरलेली असेल तर उत्थापन मुळापासून टोकापर्यंत लंबवर्तुळाकार वाटले असता ओढ सर्वांत कमी होते. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत इतका रुजला की, तोच पंखाचा अंतिम आदर्श मानला गेला. परंतु १९३३ साली खुद्द प्रांटल यांनीच प्रश्न फिरवून विचारला: लांबी ठरविण्याऐवजी पंखाच्या बांधणीला लागणारे द्रव्य ठरवून दिले तर? पंखभर पसरलेल्या नमन-परिबलांची बेरीज म्हणजे त्याचे वजन, असे सुटसुटीत प्रतिमान त्यांनी धरले, आणि उत्तर पार बदलले. टोकाकडे झपाट्याने उतरत जाणारे, घंटेच्या आकाराचे उत्थापन निघाले. तेवढ्याच द्रव्यात पंख २२ टक्के लांब होऊ शकला आणि ओढ ११ टक्क्यांनी घटली. १९५० साली अमेरिकेत रॉबर्ट जोन्स यांनी पुन्हा तोच प्रश्न घेतला, फक्त सर्व परिबलांच्या बेरजेऐवजी पंखाच्या मुळाशी असलेले परिबल तेवढे कायम धरले. त्यांना १५ टक्के अधिक लांबीला १५ टक्के कमी ओढ मिळाली.

हवा तीच, उत्थापन तेच, दोघांचेही गणित निर्दोष; तरीही पंख दोन. कारण पंखाचे वजन कशावर अवलंबून असते याविषयीचे त्यांचे गृहीत वेगळे होते, आणि दोन्ही गृहीते अर्धीमुर्धीच खरी होती. खऱ्या पंखात टोकाकडील पत्रा एका मर्यादेखाली पातळ करता येत नाही, कारण तो हाताळता आला पाहिजे, त्यात खिळे बसले पाहिजेत, विजेचा आघात त्याने सोसला पाहिजे. आणि कित्येक ठिकाणी पत्र्याची जाडी वाकण्याने ठरत नसून पिळण्याने वा फडफडीने, म्हणजे वेगात आपोआप वाढत जाणाऱ्या कंपनाने, ठरते. प्रांटल व जोन्स यांची सूत्रे आजही मी आदराने वाचतो, कारण त्यांनी आपले गृहीत उघड्यावर ठेवले होते. आजच्या आज्ञावलीत तेच गृहीत हजारो ओळींच्या आत दडून बसते आणि उत्तर हाती घेणाऱ्याला ते शोधून काढावे लागते.

इष्टतमीकरणाच्या शास्त्रशुद्ध पायाचे श्रेय लुसियन श्मिट यांच्याकडे जाते. तोवर अभियंत्यांची अशी श्रद्धा होती की, प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या भाराखाली आपल्या पूर्ण शक्तीपर्यंत ताणला गेला, म्हणजे ती बांधणी सर्वांत हलकी झाली. १९६० साली श्मिट यांनी फक्त तीन दांड्यांची एक कैची घेतली, तिच्यावर एकाहून अधिक प्रकारचे भार आळीपाळीने लावले, आणि संगणकाने किमान वजन शोधून दाखविले. त्या सर्वांत हलक्या कैचीत एक दांडी पूर्ण ताणलेली नव्हतीच. एवढ्याशा उदाहरणाने एक सर्वमान्य समजूत मोडीत निघाली. १९७० च्या दशकात राईट-पॅटरसन हवाई तळावरील वेंकय्या, खोत व बर्क या संशोधकांनी शेकडो अवयवांच्या बांधणींना झेपतील असे जलद निकष तयार केले, आणि त्याआधीच अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने नॅस्ट्रन ही सांत घटकांची आज्ञावली विकसित करून सर्वांना खुली केली होती.

पंखावर हे तंत्र लावले म्हणजे जे अनुभवास येते ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विमान अचानक वर खेचले जाते, तेव्हा पंखाला आपल्या नेहमीच्या भाराच्या अडीचपट भार सोसावा लागतो. प्रवासी विमानांसाठी ही ठरलेली बाब आहे. समजा, आज्ञावलीला एवढाच एक भार सांगितला. ती इमाने-इतबारे या भाराला पुरेल एवढाच पंख घडवील आणि खालून वर येणाऱ्या दाबासाठी जे जे लागत नाही, ते ते काढून टाकील; उलट दिशेच्या झोताने किंवा धावपट्टीवरील खड्ड्यात इंधनाने जड झालेला पंख खाली आपटल्याने वरच्या आवरणाला ताण बसतो, ही गोष्ट तिच्या गावीही नसते. पत्रा सुरकुतण्याची अट घालण्याचे विसरले, तर वरचे आवरण कागदासारखे होते. स्ट्रिंगर वेगळे न दाखविता त्यांचे द्रव्य पत्र्यातच मिसळलेले कल्पिले, तर दोन स्ट्रिंगरांच्या मधला पत्रा कोठे सुरकुतेल हे प्रतिमानाला कळत नाही, आणि तेथे काढलेले वजन नंतर हाताने परत भरावे लागते. फडफडीची अट नसली की पंख लांब लांब होत जातो. विमानतळाची अट नसली तरीही तो लांबत जातो: ए-३८० ला ऐंशी मीटरांच्या चौकटीत बसावयाचे होते, म्हणून त्याचा पंख हवेच्या दृष्टीने योग्य त्याहून आखूड ठेवावा लागला, आणि बोइंगच्या ७७७-एक्स विमानाच्या ७१.७५ मीटर लांबीच्या पंखांची टोके दुमडून, उभ्या विमानात ती लांबी ६४.८५ मीटरांवर आणावी लागली, कारण फाटकांवरील जागेची मर्यादा ६५ मीटर होती.

या अटींपैकी प्रत्येकीच्या मागे एखादा अपघात, एखादी तक्रार किंवा एखाद्या जुन्या जाणत्या अभियंत्याचा अनुभव असतो. त्या प्रतिमानात उतरवणे हे कष्टाचे आणि प्रसिद्धी न मिळणारे काम आहे. आज एका पंखाच्या प्रतिमानात हजारो अवयव आणि त्या प्रत्येकावर अनेक अटी असतात. जाडी थोडी बदलली तर वजनावर व ताणावर काय परिणाम होईल हे प्रत्येक चलासाठी वेगवेगळे मोजू गेल्यास आयुष्य पुरणार नाही. अँटनी जेमसन यांनी १९८८ साली वायुगतिकीय आकार-रचनेत आणलेली ॲडजॉइंट पद्धती ही अडचण दूर करते: चले हजार असोत वा लाख, एका फलिताची सर्व चलांविषयीची संवेदनशीलता जवळजवळ एकाच गणनेच्या खर्चात हाती येते. मिशिगन विद्यापीठात जोआकिम मार्टिन्स यांच्या गटाने हवा आणि बांधणी या दोहोंना एकत्र गुंफून हीच पद्धती पंखाला लावली. त्यांच्या कामातील एक भाग मला विशेष मोलाचा वाटतो. संशोधकांच्या सामायिक उपयोगासाठी अमेरिकी अंतराळ संस्थेने प्रसिद्ध केलेला जो नमुना-पंख होता, त्याचा आकार उड्डाणातील वाकलेल्या अवस्थेतला होता. त्याला लवचीक बांधणी देऊन हवेत सोडले, तर तो दुसऱ्यांदा वाकला असता. तेव्हा त्यांनी उलट्या दिशेने गणित करून साच्यावरचा मूळ आकार शोधला, आतली पेटी रचली, आणि २०१८ साली तो लवचीक नमुना सर्वांसाठी खुला केला. त्याचबरोबर अधिक लांब व सडपातळ असा दुसरा पंखही दिला. आपापली पद्धत एकाच पंखावर पडताळून पाहण्याची अशी सोय झाल्याने या विद्येत रुजवात घेणे शक्य झाले.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील निल्स आगे, ओले सिग्मुंड व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आहे. स्पार, रिब, स्ट्रिंगर ही नावेच विसरून, पंखाच्या पोकळीचे शंभर कोटींहून अधिक घनाकार कण त्यांनी कल्पिले आणि प्रत्येक कणात धातू असावा की पोकळी, एवढाच प्रश्न महासंगणकाला विचारला. २०१७ साली नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झालेले उत्तर पाहून डोळे विस्फारतात: सरळ तुळयांच्या जागी वळणे घेत जाणाऱ्या भिंती, त्यांना तिरके आधार, आणि पक्ष्याच्या चोचीतील हाडाशी सांगावे असे साम्य. वजनातील बचत त्यांनी दोन ते पाच टक्के अंदाजिली आणि त्यावरून एका विमानामागे वर्षाला ४० ते २०० टन इंधन वाचेल असे म्हटले. असा पंख आज कोणत्याही कारखान्यात घडविता येणार नाही, हे त्यावरचे सर्वांना सुचणारे आक्षेप-वाक्य आहे. मला त्यातला नम्रपणाचा धडा अधिक महत्त्वाचा वाटतो: अब्जावधी कणांना पूर्ण मोकळीक देऊनही बचत पाच टक्क्यांपुढे जात नाही, यावरून गेल्या शतकातील अभियंत्यांनी साध्या तुळया व रिबांतून किती मिळविले होते याची कल्पना यावी.

तरीही प्रतिमानाच्या फटी उरतातच, आणि त्या बहुधा सांध्यांपाशी असतात. पंखाचे मोठे पृष्ठभाग गणितात चांगले उतरतात; जेथे दोन वस्तू भेटतात, तेथे गणिताची जाळी जाड राहते. बोइंग ७८७ च्या कार्बन-तंतूंच्या पंखात, २००९ च्या स्थिर कसोटीच्या वेळी, पंख धडाला मिळतो त्या ठिकाणी स्ट्रिंगरांच्या टोकांशी थर विलग झाल्याचे आढळले. जूनमध्ये ठरलेले पहिले उड्डाण टायटॅनियमचे आधार बसवून अखेर १५ डिसेंबरला झाले. ए-३८० च्या पंखात, रिबांना आवरणाशी जोडणाऱ्या लहान कोनांमध्ये, २०१२ च्या सुमारास चिरा सापडल्या. निवडलेला मिश्रधातू आणि जोडणीच्या वेळी त्या कोनांत शिरलेला ताण हे दोन्ही त्याला कारण झाले. ज्या पंखाच्या मोडण्याचे भाकीत तीन टक्क्यांच्या आत उतरले होते, त्याच पंखाच्या लहानशा कोनाने असा दगा द्यावा, यात मला विसंगती दिसत नाही. कसोटीचा भार प्रतिमानात लिहिलेला होता. बोल्ट आवळताना कारागिराच्या हातून आलेला ताण लिहिलेला नव्हता.

कार्बन-तंतूंनी आणखी एक चल हाती दिले, ते म्हणजे तंतूंची दिशा. पुढे झुकलेला पंख वाकताना नाक वर करतो, भार वाढवून घेतो आणि मोडतो. म्हणून धातूच्या युगात तो जवळजवळ त्याज्य ठरला होता. डिसेंबर १९८४ मध्ये उडालेल्या ग्रुमन एक्स-२९ या प्रायोगिक विमानात तंतू असे तिरके ठेवले होते की, वाकणाऱ्या पंखाने स्वतःच उलट पीळ घ्यावा. आपल्या तेजस विमानाचा त्रिकोणी पंखही कार्बन-तंतूंचाच आहे. ४ जानेवारी २००१ रोजी बंगलोरला त्याने प्रथम उड्डाण केले, आणि अशा पंखाचे थर कोठे, किती व कोणत्या दिशेने ठेवावेत याचा हिशेब मांडण्याची विद्या आपल्याकडे त्यानिमित्ताने रुजली.

परंतु प्रतिमानाने फसविल्याची सर्वांत बोलकी हकीकत हेलिओसची आहे. सूर्यप्रकाशावर चालणारे, वैमानिक नसलेले, सुमारे ७५ मीटर लांबीचा केवळ एक पंख असलेले हे विमान २००१ साली ९६,००० फुटांहून अधिक उंचीवर गेले होते. त्या वेळी त्याचे वजन पंखभर सारखे पसरलेले होते. रात्रीही उडता यावे म्हणून पुढे त्याच्या मध्यभागी इंधन-घटाचा जड संच आणि दोन्ही बाजूंना हायड्रोजनच्या टाक्या बसविण्यात आल्या. २६ जून २००३ रोजी हवाई बेटांतील कौआईजवळ अस्थिर हवेत शिरताच पंखाची टोके वर चढली आणि तशीच चढलेली राहिली; त्या आकारात विमान वरखाली हिंदकळू लागले, हिंदोळे वाढत गेले, वेग मर्यादेपलीकडे गेला आणि पंखाचे आवरण उचकटून ते समुद्रात कोसळले. चौकशीच्या अहवालाने मूळ कारण म्हणून पुरेशा विश्लेषण-पद्धतींचा अभाव नोंदविला: रचनेतील बदलाने विमान किती नाजूक होईल याचा अंदाज चुकला. पंख इतका वाकतो तेव्हा त्याचे वाकणे, विमानाचे उडणे आणि हवेचे वाहणे यांना वेगवेगळ्या दप्तरांत ठेवून चालत नाही.

विमान-नियमांचे कर्ते या बाबतीत मला फार शहाणे वाटतात. केवळ गणिताच्या आधारे बळकटी सिद्ध करण्याची मुभा त्यांनी दिली आहे खरी, पण ज्या प्रकारच्या बांधणीबाबत ती पद्धती विश्वसनीय असल्याचे अनुभवाने ठरले आहे, तेवढ्यापुरतीच. नवा पंख जितका जुन्यापासून दूर, तितकी ही मुभा आकुंचित होते.

आणि नवे पंख जुन्यापासून दूरच जात आहेत. इंधन वाचवावयाचे तर पंख लांब व पातळ हवा, आणि तसा पंख वाकून मोडू नये म्हणून त्याला खालून टेका देण्याची जुनी कल्पना पुन्हा पुढे आली आहे. बोइंग व अमेरिकी अंतराळ संस्था यांनी गेल्या दीड दशकात तिच्यावर बराच अभ्यास केला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हर्जिनिया टेक विद्यापीठात अशा पंखाचे इष्टतमीकरण चालले असताना एक अडचण उभी राहिली. विमान वर खेचले जाते तेव्हा टेका ताणला जातो आणि सडपातळ राहूनही आपले काम चोख करतो. परंतु भार उलट दिशेने आला, की त्याच सडपातळ टेक्यावर दाब येतो व तो वाकतो. तो दाब सोसण्याइतका जाड केला, तर टेका देऊन वाचविलेले वजन पुन्हा टेक्यातच खर्ची पडते. उणे भाराची ही एक ओळ प्रतिमानात नसती, तर आज्ञावलीने एक अत्यंत देखणा आणि निरुपयोगी पंख बेधडक सादर केला असता. ती ओळ होती म्हणून संशोधकांना दुसरा उपाय शोधावा लागला: टेका एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा करावा, ताण आला की त्या नळ्या अडकाव्यात, आणि दाब आला की मोकळ्या सरकाव्यात, म्हणजे उलट भार तेवढ्यापुरता पंखाने एकट्याने पेलावा. असा टेका आज्ञावलीला सुचणे शक्य नव्हते, कारण तिला दिलेल्या चलांत दांडीची जाडी होती, दांडी सरकण्याची शक्यता नव्हती. तो अभियंत्यांना सुचला, मग त्यांनी तो प्रतिमानात लिहिला, आणि त्यानंतर वजनाचा हिशेब पुन्हा आरंभापासून मांडला गेला.